वस्त्राला नमस्कार

मुक्ताने खुर्च्या एकेक करून भिंतीला लावल्या आणि मधली जागा मोकळी केली. डब्लिनजवळच्या डून लेरीच्या ग्रंथालयातल्या वरच्या खोलीत मघाशी अकरा माणसं होती. आता तिघीच उरल्या होत्या: ती, तिची आई नंदाबाई आणि थायलंडबद्दल तासभर बोलून घसा बसलेल्या सुपात्राबाई.

"खोली अजून वीस मिनिटं आपली आहे," सुपात्राबाई इंग्रजीत म्हणाल्या. "त्यांना जमिनीवर बसता येईल ना?"

मुक्ता आईकडे वळली. "खाली बसायचंय. गुडघ्याचं काय?"

"बसते न. काहून नाही बसणार?" नंदाबाई म्हणाल्या आणि खुर्चीच्या पाठीला धरून हळूहळू गालिच्यावर उतरल्या.

'थायलंडला निघण्यापूर्वी' असं त्या व्याख्यानाचं नाव होतं. शनिवारी सकाळी, फुकट, सुट्टीवर जाणाऱ्यांसाठी. त्यातलं निम्मं मुक्ताने डुलक्या काढत ऐकलं होतं. सोमवारपासून तिच्या सँडीफोर्डच्या ऑफिसात एक संगणक-सिस्टिम पडत होती, उठत होती, आणि तिच्याबरोबर मुक्ताही. मधूनमधून डोळे उघडत तेव्हा पडद्यावर काहीतरी वेगळंच असायचं. सुखोथाईचं तळं. शत्रूने जाळलेली अयुथ्थया, डोकी नसलेल्या बुद्धांच्या रांगा. त्या शहराचं नाव अयोध्येवरून आलं, असं सुपात्राबाई म्हणाल्या तेव्हा आईने तिला कोपराने ढोसलं होतं. मग प्रश्न झाले. पाऊस कधी असतो, रस्त्यावरचं खाल्लं तर चालतं का. सगळे उठून गेल्यावर नंदाबाई म्हणाल्या, "विचार न आता तिले."

मुक्ताने विचारलं. तिचा भाऊ तिकडे भिक्षू आहे, आई त्याला भेटायला चालली आहे, तर कसं वागायचं असतं? सुपात्राबाईंनी खांद्याला लावलेली पिशवी पुन्हा टेबलावर ठेवली होती.

भाऊ म्हणजे सारंग. सात वर्षांपूर्वी बँकॉकला नोकरीसाठी गेला. चौथ्या वर्षी नोकरी सोडून ईशान्येकडच्या एका जंगलातल्या विहारात राहायला लागला आणि गेल्या वर्षी त्याने भिक्षूचं वस्त्र घेतलं. वडील नागपूरला आजारी होते त्या नऊ महिन्यांत मुक्ता डब्लिनहून चार वेळा गेली. सारंगचं एक पत्र आलं, सुंदर अक्षरातलं, वडील गेल्यावर चार दिवसांनी. तेव्हापासून आई दर उन्हाळ्यात तीन महिने मुक्ताकडे, शँकिलला, येऊन राहायची. या वेळी आली ती एकच हट्ट घेऊन. येत्या गुरुवारचं विमान होतं. मुक्ताची वर्षभराची रजा त्यात गेली होती.

"मी तुला तिथवर नेईन," ती सकाळी आईला म्हणाली होती. "पण आत येणार नाही. हॉटेलात थांबेन."

आईने बशीतला टोस्ट दोनदा उलटापालटा केला आणि खाल्ला होता.

"पहिली गोष्ट," सुपात्राबाई आता म्हणाल्या, "हात लावायचा नाही. बाईने भिक्षूला हात लावायचा नाही, आई असली तरी."

मुक्ताने ते मराठीत सांगितलं.

"जवळ नाही घेता येणार?" नंदाबाईंनी विचारलं.

"नाही."

"डोक्यावरून हात?"

मुक्ताने विचारलं नाही. सुपात्राबाईंनी नंदाबाईंचा हात हवेत फिरलेला पाहिला होता. त्यांनी मान हलवली. "डोक्याला तर कुणीच हात लावत नाही."

"बरं," नंदाबाई म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "बरं."

काही द्यायचं असेल तर त्याच्या हातात द्यायचं नाही. तो समोर कापड पसरेल, त्यावर ठेवायचं. जेवण दुपारी बाराच्या आत, नंतर तो काही खाणार नाही. पाय त्याच्याकडे करून बसायचं नाही. मुक्ता एकेक वाक्य इकडून तिकडे नेत होती. खिशातला फोन थरथरला, थांबला, पुन्हा थरथरला.

"आणि नमस्कार त्यांनी करायचा," सुपात्राबाई म्हणाल्या. "आईने मुलाला. तो उलट करणार नाही."

"हे कसं सांगू मी तिला?"

"सांगा की मुलाला नाही करायचा. वस्त्राला करायचा. तीन वेळा. एक बुद्धाला, एक धम्माला, एक संघाला." मग त्या पुढे म्हणाल्या, "आमच्याकडे मुलगा भिक्षू झाला की ते पुण्य आईला मिळतं. आईच्या दुधाची फेड झाली असं म्हणतात."

मुक्ता हे मराठीत सांगायला वळली आणि अर्ध्यातूनच मागे फिरली. मग तिने सुपात्राबाईंनाच विचारलं, "आणि मुलींनी काय करायचं?"

"मुलींना ते वस्त्र मिळत नाही." सुपात्राबाई हसल्या. "मुली काम करतात. मी एकोणीस वर्षं इथल्या एका नर्सिंग होममध्ये म्हाताऱ्या माणसांना अंघोळी घातल्या. माझा भाऊ तीन महिने भिक्षू होता. आई अजून त्याचंच सांगते."

"काय म्हणते ती?" नंदाबाईंनी विचारलं.

"काही नाही. नमस्कार तीन वेळा करायचा म्हणते."

नंदाबाईंनी मुलीकडे पाहिलं. शाळेत चौतीस वर्षं नोकरी केलेल्या बाईला एवढं इंग्रजी कळत असणार, हे मुक्ताला ती नजर वळल्यावर सुचलं.

"करून पाहू," सुपात्राबाई म्हणाल्या. "कुणीतरी समोर बसायला हवं. तुम्ही बसा."

भिंतीशी एक बुटकी लाकडी पायरी होती, लहान मुलांना गोष्टी सांगणारी बाई बसते ती. मुक्ता तिच्यावर बसली. हात मांडीत ठेवायचे, नजर खाली, काही झालं तरी उलट नमस्कार करायचा नाही, एवढं तिला सांगण्यात आलं. सुपात्राबाई नंदाबाईंच्या शेजारी टाचांवर बसल्या आणि त्यांनी एकदा करून दाखवलं. हात छातीशी, मग कपाळाशी, मग तळवे जमिनीवर आणि त्यांच्यामध्ये कपाळ.

नंदाबाईंनी पदर खोचला. टाचांवर बसताना त्यांच्या तोंडून बारीक आवाज निघाला. मुक्ता उठायला गेली तशी सुपात्राबाईंनी तिला हाताने थांबवलं.

आई वाकली. विरळ झालेल्या भांगातली त्वचा मुक्ताला दिसली. तिथे तिने कधी वरून पाहिलंच नव्हतं.

"एक," सुपात्राबाई हलकेच म्हणाल्या.

दुसऱ्या वेळी वाकायला वेळ लागला. तिसऱ्या वेळी आणखी.

"तीन. छान. झालं."

नंदाबाई उठल्या नाहीत. श्वास घेत तशाच बसून राहिल्या. मग त्यांनी पुन्हा हात जोडले.

"तीनच असतात," सुपात्राबाई म्हणाल्या. "तुमच्या आईला सांगा, तीनच."

"माहीत आहे मले," नंदाबाई मराठीत म्हणाल्या. "ते वस्त्राचे झाले."

आणि मुक्ताकडे एकदा बघून त्या चौथ्यांदा वाकल्या. या वेळी कपाळ गालिच्यावर बराच वेळ राहिलं. मुक्ताला आईचे हात धरून वर ओढायचं होतं. हे काय करतेस, असं ओरडायचं होतं. तिचे हात मांडीतून हललेच नाहीत.

परतीच्या गाडीत खिडकीजवळची जागा मिळाली. बाहेर समुद्र करडा आणि सपाट पसरला होता. सँडीकोव्हचं स्टेशन मागे गेलं.

"गुडघा दुखतोय?" मुक्ताने विचारलं.

"दुखते. दुखू दे." नंदाबाईंनी मांडीवरची पर्स बाजूला ठेवली. "मुक्ता, आत मी एकटी जाईन. तू हॉटेलात रहा. झोप काढ चांगली."

"तुला जमेल एकटीला?"

"आता शिकवलं न तिनं."

मुक्ताला आणखी काही म्हणायचं होतं. डाल्कीच्या बोगद्यात गाडी शिरली आणि त्या अंधारात तिने डोळे मिटले ते मिटलेच. मान हळूहळू कलत आईच्या खांद्यावर आली.

शँकिलला दारं उघडली. नंदाबाईंनी फलकावरचं आपल्या स्टेशनाचं नाव वाचलं. मग खांदा जरा खाली केला, तिची मान नीट टेकावी इतकाच, आणि दारं पुन्हा मिटेपर्यंत त्या फलकाकडे बघत बसून राहिल्या.