पडद्याआडचे एक मत

मित्रांनो, मी मतदानाचे एक जुने यंत्र आहे. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, एका लहान गावी, कोर्टाच्या मागच्या खोलीत, नाताळच्या माळा आणि मोडक्या खुर्च्यांच्या गर्दीत मी उभे आहे. माझ्या पडद्याला कसर लागली आहे. एके काळी माझा थाट काही और होता! लाल दांडा ओढला की पडदा लागे आणि मतदार आत एकटा उरे. नावावरचा खटका दाबून त्याने दांडा परत फिरवला की मत नोंदले जाई. कोणाचे मत कोणाला, हे फक्त मला ठाऊक.

गावाच्या मधून रेल्वेचे रूळ जातात. अलीकडे गोरे, पलीकडे काळे. मतदानाच्या दिवशी मी अलीकडच्या अग्निशमन केंद्रात असे, माझे भावंड पलीकडच्या शाळेत. राष्ट्राध्यक्षाची निवडणूक आली की इकडची सगळी मते एकाला, तिकडची दुसऱ्याला. निकालाचा कागद दारावर लागण्याआधीच गावाला तो पाठ असे.

एका वर्षी मात्र माझ्यातून पलीकडच्यांच्या उमेदवाराला एक मत निघाले. एकच! गावभर कुजबूज सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला न्यायला अमोस ट्रक घेऊन आला. तो पलीकडचा. त्याचे वडील पूर्वी मतदार म्हणून नाव नोंदवायला कोर्टात गेले, तेव्हा खिडकीतल्या गोऱ्या कारकून बाईंनी कायद्याचे अवघड प्रश्न विचारून त्यांना परत पाठवले होते. पाठोपाठ त्यांची वखारीतली नोकरीही गेली. त्या बाई म्हणजे कॉर्नेलियाबाई. अमोस त्यांच्याकडे बघतही नसे.

त्या सकाळी बाई आपले केकचे रिकामे भांडे न्यायला आल्या होत्या. मतदानाच्या कामाला बसणाऱ्यांना केक खाऊ घालायचा मान त्यांचा. गोरा न्हावी व्हर्नन खुर्च्या आवरत होता.

अमोसने दारावरचा कागद वाचला. "काय व्हर्ननसाहेब, इकडे एक भला माणूस निघाला म्हणायचा! तुम्हीच ना?"

"अरे बाबा, पडद्यामागची गोष्ट चारचौघांत सांगतात का?" व्हर्ननने डोळा मिचकावला.

"वाटलंच मला!" अमोसने त्याचा हात घट्ट धरला. "आज वडील हवे होते. रुळांच्या अलीकडेही आपलं कुणी आहे म्हणून सांगितलं असतं त्यांना."

व्हर्ननने कोणता खटका दाबला होता, ते मला माहीत होते. पलीकडच्यांच्या उमेदवाराचा खटका कोणी दाबला, तेही. हातमोजा काढून, कॉर्नेलियाबाईंनी. कितीतरी वेळ त्या पडद्याआड तशाच उभ्या होत्या.

"अमोस..." बाई म्हणाल्या.

"काय बाईसाहेब?" तो वळलाही नाही.

"काही नाही. जपून उचल. जड आहे ते."

"उचलतोय की! जड उचलायची सवयच आहे आम्हाला."

बाई भांडे छातीशी धरून निघून गेल्या. मला वाचा असती तर! पुढे दर नाताळला अमोस आपल्या झाडाचे टोपलीभर पेकन, म्हणजे अक्रोडासारखे दाणे, व्हर्ननला देत राहिला आणि व्हर्नन ते खुशाल खात राहिला. बाई वारल्या तेव्हा पलीकडून एकही माणूस आला नाही.

मित्रांनो, माझी धूळ झटका, असे मी म्हणत नाही. मत पडद्याआडच द्या, ते गुप्तच असावे. पण ज्याचा अपराध केला, त्याची क्षमा पडद्याबाहेर येऊन मागा. बाईंनी ती एका मताने माझ्यापाशीच मागितली, आणि मी पडले मुके. ती अजून माझ्याजवळच आहे.