कुणाचा देश बरा

माझा नवरा ग्लेन आणि त्याची बहीण नोरीन यांच्यामध्ये एक नदी आहे, आणि त्या नदीत दोन देशांची सरहद्द. आम्ही अलीकडे कॅनडात, विंडसरला; ती पलीकडे अमेरिकेत, डेट्रॉइटला. दर रविवारी जेवणं आटोपली की दोघं फोनवर भांडतात, कुणाच्या देशात आजारी पडणं बरं म्हणून. इतकी वर्षं ऐकून माझे कान किटलेत.

"खुब्याचा सांधा बदलायला दीड वर्ष?" नोरीन खिदळायची. "अरे, आमच्याकडं आज दुखलं की उद्या टेबलावर! बस तू तुझ्या फुकटच्या रांगेत."

"बसतो की. बिल बघून झटका तरी येत नाही आम्हाला," हा म्हणायचा, आणि फोन ठेवून भिंतीला धरत पलंगापर्यंत जायचा.

खरं तर रांग त्यानेच लांबवली होती. हॉस्पिटलातली नर्स अधूनमधून फोन करून विचारते, दहापैकी किती दुखतंय? त्यावर नंबर मागंपुढं होतो. आमचे साहेब रात्रभर कण्हून सकाळी तिला सांगणार, "तीन असेल. चाललंय बरं. माझ्यापेक्षा वाईट हाल असतील कुणाचे, त्यांचं आधी बघा." वर तिचेच आभार! इकडं माणसं वाढवतातच अशी. मी स्वयंपाकघरातून ओरडले, "नऊ सांग, मेल्या, नऊ!" तोवर त्याने फोन ठेवलासुद्धा.

मार्चमध्ये नोरीनचा फोन आला, तो मला.

"कॅरल, तपासणीचा निकाल ऐकायला जायचंय. येशील सोबत? ग्लेनला काही बोलू नकोस."

मी पूल ओलांडून गेले. नोरीन निम्मी झाली होती. डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या, छातीतली गाठ हाडांपर्यंत पोचलीय. मग विचारलं, "ही कधीपासून होती?"

"मागच्याच महिन्यात हाताला लागली," नोरीन म्हणाली.

बाईंनी तेवढंच लिहून घेतलं. ही महिन्याभराची गाठ नव्हे, एवढं मलाही कळत होतं.

गाडीत बसल्यावर मी नुसतं तिच्याकडं बघितलं.

"दीड वर्ष," ती म्हणाली. दुकानातली नोकरी गेली तेव्हा नोकरीबरोबर मिळालेला विमाही गेला होता. पासष्टावा वाढदिवस आला की सरकारी विमा लागू होतो, तोवर तिने दम धरला. "आमच्या गल्लीत सगळेच धरतात गं. कुणी गुडघा राखून ठेवतं, कुणी मोतीबिंदू. मी हे ठेवलं."

"अगं, आम्हाला सांगायचंस तरी!"

"सांगून काय? तुमचं फुकट उपचारांचं कार्ड मला चालणार होतं?" ती काचेबाहेर बघायला लागली. "आणि दर रविवारी एवढ्या बढाया मारल्यावर कुठल्या तोंडानं सांगू? आजार सांग त्याला. थांबले होते, ते मात्र नको."

मला तिचा राग आला, ग्लेनचा आला, नदीच्या दोन्ही काठांचा आला. पण भांडायचं त्राण नव्हतं. तिला जवळ घेतलं तर हाताला नुसती हाडं लागली.

घरी येऊन सांगितल्यावर ग्लेन लहान मुलासारखा रडला. मग डोळे पुसत विचारलंन, "डॉक्टरांची वेळ मिळायला किती थांबावं लागलं तिला?"

"लगेच मिळाली," मी म्हणाले. विमा लागू झाल्यावर लगेचच मिळाली होती.

त्या रविवारी त्याने आपणहून फोन लावला. स्पीकरवर होता, म्हणून मला ऐकू आलं.

"नोरीन, हरलो मी. तुमचंच बरं. तिथं होतीस म्हणून लगेच कळलं तरी. इथं असतीस तर अजून रांगेतच बसली असतीस."



"बघ," नोरीन म्हणाली, "मी सांगत नव्हते?"