पकडून झाल्यावर

माझ्या भावाला साप पकडताना आजवर एकदाही साप चावलेला नाही. हे तो स्वतःच छाती फुगवून सांगतो आणि ते खरंही आहे. तिन्ही वेळा चावला तो पकडून झाल्यावर. साप ड्रममध्ये गेलेला असतो, झाकण लागलेलं असतं, आता गुपचूप निघायचं तर गर्दीतून कुणीतरी लाडात येऊन म्हणतं, "भाऊ, एकदा बाहेर काढा ना, फोटो घेऊ द्या." आणि आमचे बंधुराज काढतात.

पहिल्यांदा एका गृहस्थांना फणा उभारलेला नाग हवा होता, नुसता नाग चालत नव्हता. त्यात बारक्याच्या तर्जनीचं टोक गेलं. हो, बारक्याच. बाहेर तो सर्पमित्र असेल, माझ्यासाठी तो शेंबडा बारक्याच आहे, मी त्याला कडेवर घेऊन वाढवलाय. दुसऱ्यांदा कॉलेजच्या पोरांनी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं म्हणून त्याने सापाच्या डोक्याचा मुका घ्यायला तोंड पुढे नेलं, आणि साप वळून मनगटाला डसला. तिसऱ्यांदा फोटो कुणाला हवा होता ते त्याला आठवतही नाही. ज्याला हवा होता त्यालाही आठवत नसेल.

त्या तिसऱ्या वेळी विषापेक्षा औषधाने घात केला. इंजेक्शन सुरू झालं आणि त्याचं अंग गांधील माशा चावल्यासारखं फुटून आलं, घसा सुजला, श्वास अडकला. मशीनवर ठेवावं लागलं. डॉक्टरांनी मला आणि भावजयीला बाहेर बोलावून स्पष्ट सांगितलं, "सापाच्या विषावर औषध हे एकच. ते आता यांच्या अंगाला सोसत नाही. पुन्हा चावला तर आम्ही प्रयत्न करू, पण भरवसा देणार नाही."

आणि हे महाशय घरी आले, नीट चालायला लागले, की पुन्हा काठी आणि ड्रम घेऊन बाहेर! मी भांडले. तो म्हणाला, "लोक एवढ्या विश्वासाने बोलावतात गं, ताई." विश्वास कसला डोंबलाचा? फुकटात तमाशा बघायला मिळतो म्हणून बोलावतात. तो पडला तेव्हा या विश्वासू लोकांपैकी एकही जण दवाखान्याकडे फिरकला नाही. मला त्याच्यापेक्षा त्यांचाच जास्त राग येतो. नाही, खोटं कशाला बोलू, दोघांचाही सारखाच येतो.

मी खोक्यांच्या कारखान्यात पिना मारायच्या मशीनवर बसते. परवा सकाळी कामाला सुरुवात होतेय तोच गोडाऊनमध्ये ओरडा झाला. पुठ्ठ्याच्या गठ्ठ्यांमागे नाग निघाला होता. बायका अंगणात पळाल्या. सुपरवायझर, एरवी आमच्यावर वाघासारखा गुरगुरतो, तो टेबलावर चढून बसला. मालक आले आणि थेट माझ्याकडे वळले.

"बाई, तुमचाच भाऊ ना तो? लावा फोन."

"वनखात्याला लावा," मी म्हटलं.

"लावला. दुपारपर्यंत येतो म्हणाले. तोवर मशीनं काय बंद ठेवू?"

"गोडाऊनला कुलूप लावा. आम्ही अंगणात बसून घड्या घालतो. काम थांबत नाही."

मालकांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. टेबलावरचा वाघ खिशातून फोन काढत होता. माझ्या भावाचा नंबर गॅसवाल्याच्या नंबरासारखा सगळ्यांच्या फोनमध्ये असतो. मी म्हटलं, "अहो, त्याला नका बोलावू, त्याला आता औषध चालत नाही." तो म्हणाला, "त्यांना कशाला लागतंय औषध? त्यांच्या हाताला गुण आहे." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बारक्या आला. मला बघून नजर चुकवली आणि आत गेला. मीही दाराशी जाऊन उभी राहिले.

काम करताना मात्र माझ्या भावाला बघावं. घरी चहाचा कप धड ठेवता येत नाही याला, पण तिथे एक शब्द नाही, एक पाऊल जास्तीचं नाही. एकेक गठ्ठा हळूच सरकवला. नाग दिसला, चांगला जाडजूड. फुत्कारला तसा हा थांबला, त्याला दम घेऊ दिला. मग काठीच्या आकड्यावर अलगद उचलून ड्रममध्ये सोडला आणि झाकण फिरवून घट्ट केलं. मला अभिमान वाटला. का वाटू नये? वाईट आहे ते याच्या पुढचं.

ड्रम अंगणात आणून ठेवला आणि लोक टाळ्या वाजवत भोवती गोळा झाले. मालक म्हणाले, "वा वा! पण असं कसं, आमच्या लोकांना नीट बघायला तरी मिळू दे. जरा बाहेर काढा, सगळ्यांचा मिळून एक फोटो होऊन जाऊ दे."

बारक्या हसला. ते हसू मला पाठ आहे. शाळेत मास्तरांनी पाठ थोपटली की असाच हसायचा. त्याने कपाळावरचा घाम पुसला, त्या तुटक्या बोटाने झाकण धरलं आणि अर्धा आटा फिरवलासुद्धा.

मी गर्दीतून वाट काढली, झाकण उलटं फिरवून पुन्हा घट्ट केलं आणि धपकन ड्रमवर बसले.

"ताई, ऊठ," तो दातओठ खात पुटपुटला.

"नाही उठत."

"लोक बघतायत."

"बघू देत की. बघायलाच जमलेत."

सुपरवायझर म्हणाला, "बाई, तुमच्या वजनाने साप मरेल हो!" सगळे खो खो हसले. बारक्याही हसला. तो हसला नसता तर कदाचित मी पुढचं बोलले नसते.

"हसा," मी म्हटलं. "याला सर्पमित्र म्हणता ना तुम्ही? वाघाच्या काळजाचा म्हणता? मागच्या वेळी दवाखान्यात मी होते याच्यापाशी. तोंडात नळी होती. नळी उपटेल म्हणून दोन्ही हात पलंगाला बांधलेले. अंथरूण ओलं व्हायचं आणि मला कळू नये म्हणून डोळे मिटून पडायचा. नळी काढल्यावर पहिलं काय बोलला, सांगू?"

"ताई, नको," बारक्या म्हणाला. आता हसत नव्हता.

हे कुणाला सांगणार नाही असं मी त्याला वचन दिलं होतं. त्याने माझा हात धरून ते घेतलं होतं. बायकोलाही सांगू नको म्हणाला होता.

"'ताई, मला सोडून जाऊ नको, मला भीती वाटते.' हे बोलला. लहान पोरासारखा हुंदके देत. आता काढा फोटो. आणि पुन्हा चावला तर त्याला औषधही नाही. त्याच्या उशाशी बसायला कोण येणार ते आधी सांगा, मग मी उठते."

एका बाईने फोन पदराआड घेतला. सुपरवायझर बुटांकडे बघायला लागला. ड्रमच्या आत साप फिरत होता, त्याचं अंग घासल्याचं मला खालून जाणवत होतं. पण मी उठले नाही.

बारक्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्याने माझ्याकडे बघितलं. असं त्याने माझ्याकडे कधीच बघितलं नव्हतं, लहानपणी आई मारत असताना मी त्याला वाचवायला गेले नाही तेव्हाही नाही. मग काठी तिथेच टाकली, गाडीला किक मारली आणि गेला.

मालक म्हणाले, "घरची भांडणं घरी करायची, बाई."

"घरचा माणूस तुम्ही बोलावलात," मी म्हटलं.

वनखात्याची माणसं दुपारी आली आणि ड्रम घेऊन गेली. फोटो कुणी मागितला नाही.

संध्याकाळी भावजयीचा फोन आला. ती दबक्या आवाजात बोलत होती.

"ताई, काय झालं हो? आल्यापासून भिंतीकडे तोंड करून पडलेत. जेवले नाहीत. साप निघाला म्हणून दोनदा बोलावणं आलं, फोन बंद करून टाकला. म्हणतात, लोकांत तोंड दाखवायला जागा ठेवली नाही तिने. तुमचं नाव काढायचं नाही, तुमच्या घराची पायरी चढायची नाही म्हणतात. फार दुखावलेत हो."

मी विचारलं, "घरीच आहे ना?"

"हो. घरीच आहेत."

"मग रागाव म्हणावं," मी म्हटलं. "जन्मभर रागाव म्हणावं माझ्यावर."