पहिली फेरी

लिफ्ट दुरुस्तीच्या धंद्यात बाबांचं केवढं नाव! आणि त्याच बाबांना पाचव्या मजल्यावर अडकवून ठेवलं होतं त्यांच्याच कंपनीने. हसावं की रडावं? लिफ्ट दोनदा दुरुस्त झाली आणि दोनदा अधांतरी लटकली. बाबांचे गुडघे गेलेले, जिना उतरायचं नावच नको. खाली बाकावर बसलेल्या दोस्तांना ते खिडकीतूनच हात करायचे.

कंपनी आता लेक चालवत होती. आज ती स्वतः मेकॅनिकला आणि वायरमनला घेऊन पाचव्या मजल्यावर आणून ठेवलेल्या लिफ्टसमोर उभी राहिली.

"कुणाचं चुकतंय?"

"ब्रेक ठीक आहेत ताई. वायरिंग माझ्याकडे नाही," मेकॅनिक म्हणाला.

"वायरिंग ठीक आहे. ब्रेक माझ्याकडे नाहीत," वायरमन म्हणाला.

म्हणजे लिफ्ट आपणहूनच रुसून बसली होती म्हणायची!

तिला बाबांच्या वेळचं वर्कशॉप आठवलं. काय दिवस होते ते! ज्याने दुरुस्ती केली त्याने पहिली फेरी एकट्याने मारायची, हा बाबांचा शिरस्ता. त्या फेरीसाठी माणसं चक्क भांडायची. एकदा खुद्द बाबाच दोन मजल्यांच्या मध्ये अडकले आणि आतून ओरडले, "कुणाला शिव्या घालू नका रे, काम माझंच आहे!" सगळे पोट धरधरून हसले होते. शाळेच्या गणवेशातली ती सगळ्यांत मोठ्याने. मग कंपनी वाढली, माणसं वाढली आणि ती फेरी कधी बंद पडली, कुणाला कळलंही नाही.

घराचं दार उघडून बाबा काठी टेकत बाहेर आले.

"झाली का रे दुरुस्त?"

"झाली असणार, काका," मेकॅनिक पुटपुटला.

"मग बसतो मी."

त्यांनी लिफ्टचं दार सरकवलं, एक पाय आत टाकला. लेक पुढे धावली.

"काका, नका!" मेकॅनिकने त्यांचा दंड धरला. "ब्रेक मी बसवलेत. परवा दुसरीकडे जायची घाई होती. नीट तपासले नाहीत मी."

"दुसरीकडे मीच पिटाळलं होतं त्याला," लेक म्हणाली. "चूक माझीही आहे, बाबा."

बाबांनी पाय मागे घेतला. दोघांकडे आळीपाळीने बघत राहिले, आणि म्हाताऱ्याचे डोळे भरून आले.

"बरं," ते म्हणाले. "मग मी खाली जायचे कपडे घालून येतो."

दुरुस्तीला तर अजून हातही लागला नव्हता.