काळ्या तोंडाचा पत्रा

मित्रांनो, माझ्याइतका मार खाल्लेला तांब्याचा पत्रा अख्ख्या मर्गिलान परिसरात सापडायचा नाही. तुर्गुन अका, म्हणजे तुर्गुनदादा, इथले जुने तांबट. त्यांनी मला हातोड्याने बडव बडव बडवलं. मग प्रयोगशाळेतल्या झुलैहो आपांनी, म्हणजे झुलैहोताईंनी, मला तेजाबात बुडवलं, भट्टीत होरपळवलं, विजेचे झटके दिले. अंगावर काळीकुट्ट, खडबडीत कातडी आली. आपा मात्र खूश! "या खडबडीत काळ्यावरच विहिरीतलं विष फुटतं," म्हणाल्या.

ते विष म्हणजे नायट्रेट. कापसाला ओतलेल्या खतातून ते विहिरीत झिरपलं होतं. त्या पाण्यात कालवलेलं पावडरचं दूध पिऊन अकांची तान्ही नात निळी पडली, कशीबशी वाचली. मी पाण्यात उभा राहायचो, अंगातून वीज सणसणायची आणि मी नायट्रेटचे लचके तोडायचो. त्याचा अमोनिया व्हायचा, नाक जाळणारा. आपा तो वेगळा काढून पुन्हा शेताला द्यायच्या.

नवरोजला, म्हणजे वसंतातल्या नववर्षाच्या सणाला, जिल्ह्याचे साहेब येणार होते. त्यांना पटलं तर मला बसवलेलं हे पाणी शुद्ध करायचं यंत्र विहिरीवर बसणार होतं. नवरोजला इथे घरातलं तांबं लखलखलंच पाहिजे, नाहीतर पाहुण्यांत नाक कापलं जातं. अकांनी मला वाळू आणि आंबट ताकाने खसाखसा घासलं. माझी कातडी सोलून निघाली हो!

साहेबांसमोर वीज सोडली. मी जिवाच्या आकांताने झटलो, पण नायट्रेट तसूभरही कमी होईना. साहेब हसत निघून गेले.

"कुणी घासलं याला?" आपा किंचाळल्या.

"मीच. पाहुण्यांना असलं काळं तोंड दाखवायचं?"

"अहो अका, तेच तर काम करत होतं!"

अका पांढरेफटक पडले. "माझ्याच नातीचा घात केला मी!" म्हणत त्यांनी हातोडा उचलला आणि माझ्यावर घातला. एक, दोन, तीन. माझा कोपरा फाटला. चौथ्या घावाला आपांनी हात मध्ये घातला. बोटाचं हाड कडकन मोडलं.

"रडताय काय?" आपा दात आवळून म्हणाल्या. "चिमटा धरा. पुन्हा जाळायचंय याला."

पुन्हा तेजाब, पुन्हा भट्टी, पुन्हा झटके. साहेब काही परतले नाहीत. गावाने स्वतःच यंत्र विहिरीवर बसवलं. आता नात तेच पाणी पिते आणि अका रोज तिची नखं बघतात, निळी तर पडली नाहीत ना.

आपांचं बोट वाकडंच राहिलं. मित्रांनो, एखाद्या वस्तूची काळजी जरूर घ्या, पण हात लावण्याआधी ती वापरणाऱ्याला एकदा विचारा.