दादाला कन्व्हिन्स केलं त्याची गोष्ट

आमच्या घरात ‘कन्व्हिन्स’ हा शब्द माझ्या भाच्यांनी आणला. साहेबाला ते विनंती करतात, गिऱ्हाइकाला समजावतात, कन्व्हिन्स मात्र बापालाच करतात. दुकान विकायला दादाला कन्व्हिन्स करायचं, असं दोघांनी ठरवलं. माझी जीभ तिखट, म्हणून मला पत्ता लागू दिला नाही.

दादा, माझा थोरला भाऊ, कोट शिवायचा. ‘‘हात चालतोय तोवर दुकान चालणार,’’ एवढंच त्याचं म्हणणं. मग मेल्यांनी हातावरच घाला घातला.

दुपारी दादा डुलकी काढायचा. तेवढ्यात धाकटा तयार कोटाची एक बाही उसवून, बोटभर आखूड करून पुन्हा जोडायचा. शिवण त्याला दादानंच शिकवलेली, त्यामुळे टाका हुबेहूब बापाचा. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहिलं की दादाचा चेहरा पडायचा. थोरला खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, ‘‘वय झालं बाबा. डोकं साथ देत नाही आता.’’ चौथ्या कोटानंतर दादानं आपण होऊन कात्री खणात ठेवली.

विक्रीची सही घेताना नोंदणी अधिकाऱ्यानं नेहमीचा प्रश्न विचारला, ‘‘आजोबा, समजून-उमजून सही करताय ना?’’

‘‘मला कुठलं समजायला, साहेब? डोकं गेलंय माझं. पोरांना विचारा.’’

अधिकाऱ्यानं कागद परत केले. पोरांची तोंडं बघून मला, काहीच ठाऊक नसताना, हसू फुटलं.

घरी आल्यावर उलटं कन्व्हिन्स करणं सुरू झालं. ‘‘बाबा, तुम्ही ठणठणीत आहात!’’ दादा ढिम्म. शेवटी धाकटा रडकुंडीला आला. ‘‘बाह्या मीच आखूड केल्या हो!’’

माझं हसू जागच्या जागी विरलं. दादानं मात्र त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. ‘‘बापाची लाज राखायला खोटं बोलतोस? गुणी आहेस रे.’’

मी दुकानात पडून असलेला एक कोट आणून त्याच्या मांडीवर टाकला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. ‘‘दादा, नीट बघ. ही बाही तू जोडलेली नाहीस.’’

त्यानं चष्मा लावला. शिवणीवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि त्याचा चेहरा कितीतरी दिवसांनी खुलला.

‘‘माझाच टाका आहे गं,’’ तो म्हणाला. ‘‘एवढं तरी अजून ओळखता येतं मला.’’