पासष्टावं घर

सून ओसरीत कागद कापत बसलेली पाहूनच मारोतरावांचं डोकं फिरलं. गणिताची मास्तरीण म्हणे! अनसिंगात एवढं मोठं वावर आपलं, अन् घरात हा पोरखेळ.

योगिनीनं चौसष्ट घरांच्या चौकोनाचे चार तुकडे केले आणि ते फिरवून लांबट आयत जुळवला. "आता मोजा, मामाजी."

घरं पासष्ट भरली. मारोतरावांनी पुन्हा मोजली. पासष्टच!

"गंडवून राह्यली तू," ते खेकसले. "कापल्यानं कागद वाढते काय?"

शेजारच्या वावराचा दौलतसिंग चहा प्यायला आला होता. तोही वाकून पाहू लागला. मारोतराव तुच्छतेनं हसले. "तुले काय समजते बे यातलं? तुले तर आपलं वावर कुठं संपते तेबी समजत नाही."

दौलतसिंगानं आयतावर बोट ठेवलं. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तुकडे नीट भिडलेच नव्हते. मधे सुतासारखी बारीक, लांबच लांब फट होती.

"बरोबर, काका," योगिनी म्हणाली. "जास्तीचं घर या फटीतच लपलंय."

"हॅट्! एवढ्याशा फटीत अख्खं घर?" मारोतराव उखडले. "सूतभर जागेनं काय फरक पडते?"

दौलतसिंगानं कप खाली ठेवला.

"मारोतराव, दरसाल वखरानं आपल्या दोघांच्या वावरांमधला धुरा सूतसूत कोरता, तवाबी तुमी हेच म्हणता."